‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

गेल्या रमजानमध्ये एका संध्याकाळी इफ्तारनंतर भाच्याने विषय काढला. “मामू, मला ॲथलेटिक ट्रेनर व्हायचंय. अमेरिकेत त्याची डिग्री असते.” तो बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपा लगेच म्हणाली, “म्हणजे जिममध्ये लोकांकडून दंड-बैठका काढून घेणार?” सगळे हसले. घरातला इंजिनिअर म्हणून शेवटचा शब्द माझा. मी म्हणालो, “आधी एमसीए कर, मग बघू.” पोरगा गप्प झाला आणि तरावीहसाठी निघून गेला.

रात्री मला झोप लागली नाही. कारण बाकीचे हसले ते माहीत नसल्यामुळे. मला तर माहीत होतं.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात होतो. तिथे शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या मुलांचे फुटबॉलचे सामने असतात, अख्खं गाव बघायला लोटतं. अशाच एका सामन्यात एक मुलगा डोक्यावर आपटला आणि काही क्षणांत उठून उभाही राहिला. मैदानाच्या कडेला खांद्याला बॅग लावून उभी असलेली एक बाई धावत गेली. तिने त्याला काही प्रश्न विचारले, डोळे पाहिले, तोल तपासला आणि कोचला सांगितलं, आज हा खेळणार नाही. सामना अटीतटीचा होता, प्रेक्षक ओरडत होते. कोच एक शब्दही बोलला नाही.

ती बाई म्हणजे ॲथलेटिक ट्रेनर. तिच्या ज्ञानापेक्षा मला त्या कोचच्या गप्प बसण्याचं नवल वाटलं. त्याचं उत्तर पुढे वाचनातून मिळालं. डोक्याला मार लागल्याचा संशय असलेल्या शाळकरी खेळाडूला मैदानाबाहेर काढलंच पाहिजे, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने 2009 मध्ये केला आणि 2014 पर्यंत तसे कायदे सर्व 50 राज्यांत आले. पण नुसता कायदा मैदानावर धावत येत नाही. तो अमलात आणणारा शिकलेला माणूस तिथे उभा असावा लागतो.

आता माझी गोष्ट. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कबड्डी खेळताना माझा उजवा खांदा निखळला. ‘खांदा बसवता येतो’ अशी ख्याती असलेल्या एकाने तिथेच हात ओढला. हाड मोडलंय का, बोटांना स्पर्श कळतोय का, मनगटाची नाडी लागतेय का, हे कुणी पाहिलं नाही. खांदा बसला, टाळ्या पडल्या आणि पुढच्या आठवड्यात मी परत मैदानात होतो. त्यानंतर तो तीनदा निखळला. आज मला मुलीला धड उचलून घेता येत नाही. त्या दिवशी मैदानावर धाडसी लोक पुष्कळ होते. ‘थांब, हात लावू नका’ असं म्हणण्याचा अधिकार असलेला एकही नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, या क्षेत्रात प्रमाणपत्राची खरी किंमत म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार. आणि तो अधिकार शिक्षणातून मिळवावा लागतो.

तिथे तो कसा मिळतो ते पाहा. अमेरिकेत या पेशाची राष्ट्रीय संघटना 1950 मध्ये स्थापन झाली. आज या पेशात येण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, पूर्वीचा नुसता पदवीचा मार्ग बंद झाला आहे. प्रवेशाआधी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय झालेले असावे लागतात. मग साधारण दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि त्यासोबत प्रत्यक्ष खेळाडूंमध्ये, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम. त्यात किमान चार आठवडे सलग, पूर्ण वेळ. शेवटी राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची परीक्षा. तिचे भाग पाच: धोका टाळणं, तपासणी व निदान, आणीबाणी हाताळणं, उपचार व पुनर्वसन, आणि नोंदी-कायदा-जबाबदारी. त्यानंतर बहुतेक राज्यांत वेगळा परवाना लागतो. एवढं होऊनही अभ्यास संपत नाही, प्रमाणपत्र टिकवायला शिकत राहावं लागतं.

हे सगळं कशासाठी? 2 जानेवारी 2023 च्या रात्री सिनसिनाटीत भरलेल्या मैदानावर डमार हॅमलिन हा 24 वर्षांचा खेळाडू एका धडकेनंतर कोसळला. हृदय थांबलं होतं. संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तिथेच सीपीआर सुरू केला, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र वापरलं गेलं. हॅमलिन जगला आणि त्याच वर्षी पुन्हा खेळायला उतरला. उष्माघाताचंही तसंच. आपण बेशुद्ध पोराला उचलून रिक्षात घालतो. त्यांना शिकवलेला नियम आहे: आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याच्या टबात पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झालं, तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

आपल्या मोहल्ल्यांशी याचा संबंध काय? रमजानच्या रात्री होणाऱ्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंट आठवा. बक्षीस, लाईट, डीजे, चषक, सगळ्याचं बजेट असतं. प्रथमोपचाराच्या पेटीचं नसतं. रोजा ठेवून खेळणाऱ्या पोराला एकतर ‘खेळू नको’ म्हणतात किंवा ‘हिंमत ठेव’ म्हणतात. हकीम ओलाजुवान 1995 च्या रमजानमध्ये रोजे ठेवून एनबीएत खेळला आणि त्या फेब्रुवारीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण सराव कोणत्या वेळी घ्यायचा, इफ्तार ते सहरी पाणी कसं वाटून प्यायचं, कोणत्या लक्षणावर थांबायचं, हे सांगायला जाणकार लागतो. आणि तो आपला रोजा समजून घेणारा असेल, तर पोरं त्याच्यापासून लक्षणं लपवणार नाहीत.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिक खरं आहे. आठवी-नववीत कितीतरी मुलींचा खेळ सुटतो. घरच्यांची एक भीती अशी असते की, पाय मुरगळला तर हात कोण लावणार? मैदानाच्या कडेला शिकलेली, परवानगी विचारून तपासणारी एक ताई उभी असेल, तर कितीतरी आई-बाप मुलीला खेळू देतील. ही ताई आपल्यातूनच का तयार होऊ नये?

आता व्यवहाराचं बोलू, कारण स्वप्न विकणं मला जमत नाही. अमेरिकेतल्या सरकारी आकडेवारीनुसार ॲथलेटिक ट्रेनरचा मध्यम पगार वर्षाला 60 हजार डॉलरच्या आसपास आहे, माझ्या पेशातल्या लोकांचा त्याच्या दुपटीहून अधिक. फी मात्र दोघांना सारखीच जड. व्याजाच्या कर्जाचा प्रश्न आपल्या घरांत वेगळाच असतो, त्यामुळे शिष्यवृत्ती किंवा सहायकाची नोकरी मिळाल्याशिवाय उडी मारू नये. आपली तीन वर्षांची पदवी तिथल्या काही विद्यापीठांना पुरत नाही, हे आधी विचारून घ्यावं. इथेच राहायचं असेल, तर जवळचा रस्ता म्हणजे नीट देऊन बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपी, आणि पुढे क्रीडा विषयात पदव्युत्तर शिक्षण. दोन पेशे एकच नाहीत, पण पाया पक्का आहे. आणि एक सावधगिरी: शनिवार-रविवारच्या शिबिरात ‘स्पोर्ट्स थेरपिस्ट’चं प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून सांभाळा. कुणी शिकवलं, कुणी तपासलं आणि चूक झाली तर परवाना कोण काढून घेणार, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर तो कागद नुसताच भिंतीवर टांगण्यापुरता.

आपल्या समाजात शिक्षण म्हणजे डॉक्टर किंवा इंजिनिअर आणि दोन्ही न जमलेल्यांसाठी ‘काहीतरी’. खेळाची आवड असलेला मुलगा त्या ‘काहीतरी’त ढकलला जातो. मी इंजिनिअर झालो, कारण दुसरं काही असतं हे मला कुणी सांगितलं नाही. तीच चूक मी भाच्याच्या बाबतीत करणार होतो.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन बसलो. तीन विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी वाचल्या, आकडे मांडले. जायचं की इथेच फिजिओथेरपी करायची, हे अजून ठरलेलं नाही. पण सीपीआरच्या प्रशिक्षणाला आम्ही दोघांनी नाव घातलंय. पुढच्या रमजानच्या टुर्नामेंटमध्ये मैदानाच्या कडेला बॅग घेऊन आम्ही उभे असू, आणि कुणाचा खांदा निखळलाच, तर एवढं नक्की सांगू: थांबा, ओढू नका.