साखर उतरली म्हणून सुई सुटत नाही

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या गावात लेकराला टाईप-१ मधुमेह निघाला की थोड्याच महिन्यांत घरात वाद उभा राहतो. इन्सुलिन सुरू झालेले असते, लेकरू अंग धरू लागते, डोस उतरत जातो. मग घरातले जाणते म्हणतात, ‘साखर उतरली, आता रोज सुई कशाला? एकदा सवय लागली की सुटायची नाही.’ त्याच सुमारास कुणी काढा दिलेला असला तर श्रेय त्याला मिळते.

डोस उतरतो हे खरेच आहे. २० किलोच्या मुलाला दिवसाला १० युनिटांपेक्षाही कमी पुरते, एखाद्याला तर फारच थोडे. आईबापांनी पाहिले ते खोटे नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारत असते. निदानाच्या वेळी काही पेशी जिवंत असतात, पण चढलेल्या साखरेने निकामी झाल्यासारख्या पडून असतात. बाहेरून इन्सुलिन मिळाले की त्यांच्यावरचा भार उतरतो आणि त्या पुन्हा कामाला लागतात. म्हणजे ही उसंत सुईनेच मिळवून दिलेली असते, आणि आपण तीच बंद करायला निघतो! पेशींवरचा हल्ला मात्र चालूच असतो. डॉक्टर ज्याला ‘हनिमून फेज’ म्हणतात तो हा काळ बहुधा काही महिन्यांचा, काहींचा वर्षभराचा किंवा त्याहून थोडा जास्त. काढ्याचा थेंबही न घेतलेल्या मुलांतही तो येतो, आणि ओसरतो. मधुमेह बरा करते अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

राहिला सवयीचा आक्षेप. इन्सुलिन तुमच्या-माझ्या शरीरात रोजच तयार होते, त्याची सवय कसली लागणार? जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचले. त्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून काही काळ जगवत, आणि ती मरतच. आजही सुई बंद केली, त्यात ताप आला, की उलट्या, पोटदुखी, धाप आणि गुंगी येते. रक्तात आम्ल साचल्याची ही लक्षणे पोट बिघडल्याची समजली जातात आणि परभणी किंवा नांदेड गाठेपर्यंत मोलाचे तास जातात.

पण सगळा दोष घरच्यांवर टाकणे मला मान्य नाही. ‘डोस उतरेल हे आधीच सांगितले तर लोक सुई सोडतील’ असे म्हणून गप्प बसणारे डॉक्टरही चुकतात. न सांगितल्यामुळेच तर लोक सोडतात. शिवाय हनिमूनच्या काळात डोस वेळेवर घटवला नाही तर साखर एकदम खाली जाऊन मूल बेशुद्ध पडू शकते. म्हणून पहिल्या सुईच्या दिवशीच आईबापांना मराठीत लिहून द्यावे: डोस उतरेल, तो डॉक्टरांना विचारूनच कमी करा, बंद करू नका, घरची तपासणी चालू ठेवा, आणि डोस पुन्हा वाढला तर ती तुमची चूक नाही.