एक नाका पुरत नाही

कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. डॉक्टर तिला थायरॉईड म्हणतात. आमच्या परिभाषाकारांनी तिला 'अवटू' हे नाव बहाल केले. संस्कृतात अवटू म्हणजे मान, आणि तीही मागची! पुढच्या ग्रंथीला मागचे नाव मिळाले, आणि शब्द काही लोकांच्या तोंडी बसला नाही. असो. आपण थायरॉईडच म्हणू.

या ग्रंथीचा कर्करोग बहुधा सौम्य प्रकृतीचा. तिला आयोडीनची भारी हाव. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन दिले, की उरलीसुरली रोगट पेशी ते आपणहून गिळते आणि मरते. परळला टाटा रुग्णालयाच्या जोडइमारतीत अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली निघाले. तेथे या उपचाराने बरी होऊन खेड्यापाड्यांतली कितीतरी माणसे घरी परतली.

परंतु याच कुळात एक राक्षसही निपजतो. ॲनाप्लास्टिक त्याचे नाव. थायरॉईडच्या कर्करोग्यांत शंभरांत एखाददुसऱ्यालाच तो गाठतो, बहुधा साठीच्या पुढे. पण मग गाठ आठवड्या-आठवड्याला वाढते, आवाज बसतो, घास उतरत नाही, श्वास कोंडतो. मूळ रूप विसरलेली ही पेशी आयोडीनकडे ढुंकूनही पाहात नाही. जुन्या उपचारांनी निम्मे रोगी सहा महिनेही काढीत नसत.

यांपैकी बऱ्याच रोग्यांच्या गाठीत बी-रॅफ नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. 'वाढा, वाढा' असा हुकूम तो अखंड सोडीत राहतो. तो हुकूम पुढे मेक नावाच्या प्रथिनाकडे जातो आणि तेथून पेशीच्या गाभ्यात. डाब्राफेनिब हे औषध बी-रॅफलाच अडवते. मग काम एकट्याने का भागत नाही?

मी ज्या कनेरगाव नाक्यावरून हे लिहितो आहे, तेथे याचे उत्तर कोणीही देईल. अलीकडे हिंगोली, म्हणजे पूर्वीचा निजामाचा मुलूख. पलीकडे वाशीम, म्हणजे वऱ्हाड. नाका बसवला म्हणून माल थांबत नाही, हे सरहद्दीवरच्या माणसाला सांगावे लागत नाही. गाडीवान बैल शेतातून घालतो आणि नाका मागे टाकून पुन्हा सडकेला लागतो. पेशी तेच करते. बी-रॅफ बंद झाला, की आडवाटेने येऊन ती मेकपाशी जुन्याच रस्त्याला मिळते. म्हणून दुसरा नाका मेकवर. त्या औषधाचे नाव ट्रॅमेटिनिब. गंमत अशी, की पहिल्या औषधाने एरवी कातडीवर जे नवे विकार उठतात, तेही या जोडीदारामुळे कमी होतात.

मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने बी-रॅफचा बिघाड असलेल्या ॲनाप्लास्टिक रोग्यांसाठी ही जोडी मंजूर केली. पुढे ३६ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला: निम्म्याहून अधिकांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, वर्षानंतर निम्मे हयात होते, दोन वर्षांनंतर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी. ज्यांना पूर्वी 'घरी न्या' एवढेच सांगत, त्यांच्या बाबतीत हे आकडे मी लहान मानीत नाही. काहींची गाठ तर इतकी उतरते, की आधी अशक्य असलेली शस्त्रक्रिया करता येते. अर्थात पेशी पुढे तिसरी वाट शोधतेच. म्हणून आता या जोडीला प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांची साथ देऊन पाहतात.

औषधे महाग आहेत, आणि तो बिघाड नसेल तर ही जोडी कामाची नाही. आमच्याकडे गळ्याची जुनी गाठ वीस-वीस वर्षे लेप लावून सांभाळतात. ती एकाएकी दगडासारखी घट्ट होऊन वाढू लागली, आवाज घोगरा झाला, तर लेप बाजूला ठेवून त्याच आठवड्यात मोठे रुग्णालय गाठावे. गाठीचा तुकडा तपासायला काढतील, तेव्हाच डॉक्टरांना बी-रॅफविषयी विचारावे. काचपट्टीवर खास रंग चढवून त्याचा अंदाज थोड्या दिवसांत येतो. जनुकांच्या सविस्तर अहवालाला मात्र कित्येकदा आठवडे लागतात.