अक्षरांना क्षर करणारी प्रगती

जे क्षय पावत नाही ते अक्षर, अशी व्युत्पत्ती आपल्या पूर्वसूरींनी सांगितली. ती खोटी पाडण्याचा विडाच संगणकाच्या व्यापाऱ्यांनी उचलला आहे, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते.

विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ घ्यावी, तर तिने मागितलेली सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर नाही म्हणून धडधाकट यंत्रेही अपात्र ठरतात. शिवाय तिची ३२ बिटांची आवृत्तीच नाही. त्यामुळे १९९० च्या दशकातील १६ बिटांचे सॉफ्टवेअर तिच्यावर आपणहून चालत नाही. भोपाळच्या साकेत नगरात काय किंवा इंदूर-ग्वाल्हेरीस काय, परप्रांतात मराठी राखणाऱ्या ज्या घरांनी व देवस्थानांनी आरत्या, उत्सवपत्रिका आणि स्मरणिका अशा साधनांवर लिहून ठेवल्या, त्यांनी आता करावे तरी काय?

रोगाचे मूळ मात्र याहून खोल आहे. त्या काळच्या बहुतेक फाँटांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची रूपे चढविली. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच! मूळ फाँट नाहीसा झाला, की ‘श्रीगणेशाय नमः’ च्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. त्यातही प्रत्येक विक्रेत्याची मांडणी निराळी. वस्तुतः युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तेव्हाच तीत देवनागरी होती. ‘क’ ला २३२५ आणि आपल्या ‘ळ’ ला २३५५ हा कायमचा क्रमांक मिळालेला आहे. तरीही जुन्या फाँटांचा मोह आम्ही मराठी व कोंकणी लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षे सोडला नाही.

‘मग प्रगती थांबवावी काय?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही. परंतु मागील पिढीचे लिखाण पुढील पिढीस वाचता न येणे यास प्रगती कोण म्हणेल? मोडी मागे पडली आणि पेशवे दफ्तरातील रुमाल वाचणारे विरळा झाले. तो कागद निदान डोळ्यांना दिसतो, जाणकार तो लावू शकतो. येथे तर कागदच नाही!

म्हणून आमचे मागणे साधे आहे. ज्यांनी हे फाँट विकले, त्यांनी आपापल्या अक्षरक्रमांकांचे तक्ते खुले करावेत. देवस्थानांच्या विश्वस्तांनी जुने यंत्र भंगारात घालण्यापूर्वी त्यातील सर्व मजकूर युनिकोडात उतरवून घ्यावा, जोडाक्षरे व रफार जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत आणि एक छापील प्रत कपाटात ठेवावी. जीर्ण मंदिराचा जीर्णोद्धार करणे हे आपण पुण्यकर्म मानतो. मग जीर्ण अक्षरांनीच कोणता अपराध केला आहे?