नोटेला आठवण नसते

जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत चहाच्या टपऱ्या, बेकऱ्या, किराणा दुकाने यांच्यावर ‘यूपीआय नको, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. फोनवरून जमा झालेल्या रकमा पाहून राज्याच्या वाणिज्य कर खात्याने हजारो लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या होत्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला तर सुमारे २९ लाखांची मागणी आली. वास्तविक ताज्या भाजीला जीएसटीच नाही! पुढे मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांना बोलावून, नोंदणी करणाऱ्यांची जुनी थकबाकी सोडून देण्याचे आश्वासन दिले.

कर चुकवू नये, याबद्दल दुमत नाही. पण नोटीस हाती पडेपर्यंत आपला गल्ला कोणी मोजतो आहे, हे त्या भाजीवाल्याच्या गावीही नव्हते.

आता डिजिटल रुपया पाहा. यूपीआयमध्ये पैसा बँकेच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. डिजिटल रुपया मात्र स्वतःच नोट आहे. रिझर्व्ह बँकेनेच काढलेली, फक्त फोनमधल्या पाकिटात राहणारी. १ डिसेंबर २०२२ ला सामान्यांसाठी त्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा पहिल्या चार शहरांत बेंगळुरू होते. लहान रकमांना रोखीसारखी निनावी मुभा असावी आणि मोठ्या रकमांचा माग राहावा, असा विचार रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी आपल्या टिपणात मांडला होता. विचार चांगला आहे. परंतु डिजिटल नोटेला मान्यता देणारी २०२२ ची कायदादुरुस्ती या बाबतीत गप्प आहे. लहान म्हणजे किती, आणि माग कोणाच्या परवानगीने काढायचा?

‘सर, लपवायचे काही नसेल तर भ्यायचे कशाला?’ असे विद्यार्थी विचारतात. त्यांना मी घरातला तांदळाचा डबा आठवायला सांगतो. पैशाला कोणी पैसे म्हणो की दुड्डू, आपल्या दुभाषी घरांतही आईची त्यातली शिल्लक वडिलांना ठाऊक नसते. ती चोरी नव्हे. माहेरच्या अडचणीला, मुलीच्या फीला तोच पैसा कामी येतो.

हा हक्क कागदावर आणण्याचे श्रेय आपल्याच राज्यातील एका वृद्ध गृहस्थांकडे जाते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात डोकवायचे तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय बेताचा हवा. तरीही २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मोकळीक ठेवलीच.

म्हणून डिजिटल रुपया घरोघरी पोहोचण्याआधी लहान रकमेची मर्यादा कायद्यात आकड्याने लिहावी. त्यापुढची नोंद पाहणाऱ्याने लेखी कारण द्यावे, आणि ते तपासणारा अधिकारी त्याच खात्यातला नसावा.