यादी कुठे थांबते?

मैत्रिणींनो, आमच्या वर्धा जिल्ह्यात एका तालुक्याच्या नावापुढे कंसात 'शहीद' लिहितात. आष्टी (शहीद). १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. लोक पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला; गावकरी मेले, ठाणेदार आणि शिपाईही मेले. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यात, चिमूरला, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गोळीबारात गेला. दर ऑगस्टात हुतात्म्यांना फुलं वाहतात, नावं घेतात. घेतलीच पाहिजेत. माझं भांडण यादीशी नाही, ती जिथे थांबते त्या जागेशी आहे.

गोळीबारानंतर चिमुरात सैन्य आणि पोलीस घुसले. पुरुष धरून नेलेले, नाहीतर पळालेले. घरात होत्या बायका. त्यांच्यावर बलात्कार झाले. नागपूरहून रमाबाई तांबे आणि त्यांच्यासोबतच्या बायका गेल्या, त्यांनी या बायकांचं म्हणणं ऐकलं आणि बाहेर आणलं. ऐन महायुद्धात, सेन्सॉर असताना! सरकारने चौकशी नाकारली. सेवाग्रामचे प्रा. भन्साळी उपोषणाला बसले, ते ६३ दिवस चाललं. त्याची बातमी छापायलाही बंदी आली, म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या कितीतरी वर्तमानपत्रांनी हरताळ पाळला. १२ जानेवारीला उपोषण सुटलं, बंदी उठली. स्वतंत्र चौकशी मात्र झालीच नाही.

हा सगळा इतिहास आपल्याला सांगतात तो 'भन्साळींचं उपोषण' म्हणून. भन्साळींबद्दल मला आदरच आहे. पण ज्या बायकांनी तोंड उघडलं म्हणून ते उपोषण उभं राहिलं, त्या एका 'अत्याचार' या शब्दात गुंडाळल्या जातात. भाषणात तर तोही गिळतात, गावाची अब्रू जाते म्हणे. अब्रू नेमकी कुणाची?

एमएसडब्ल्यू करताना आम्हाला नोंद ठेवायला शिकवलं: कुठे, केव्हा, काय घडलं, कोणी पाहिलं. आणि सांगणारीला नाव नको असेल तर नाव नाही. नाव झाकणं वेगळं, घटना पुसणं वेगळं. आपल्याकडे पहिल्याचं निमित्त करून दुसरं उरकलं जातं.

हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. युक्रेनची लेखिका व्हिक्टोरिया अमेलिना २०२२ पासून गावोगाव फिरून युद्धगुन्ह्यांच्या साक्षी गोळा करत होती. व्होलोदिमिर वाकुलेंको या मारल्या गेलेल्या लेखकाने चेरीच्या झाडाखाली पुरलेली डायरी तिने उकरून काढली. जून २०२३ मध्ये ती स्वतः क्षेपणास्त्राच्या हल्ल्यात सापडली आणि १ जुलैला गेली. तिचं अपुरं पुस्तक होतं युद्धाची नोंद ठेवणाऱ्या बायकांवर. गाझाची छायाचित्रकार फातिमा हसूना १६ एप्रिल २०२५ ला घरच्यांसकट बॉम्बखाली गेली. लिहिणारीलाच मारलं की तिने लिहून घेतलेल्या बायका दुसऱ्यांदा मरतात. आपल्याकडे तर कुणाला मारावंही लागलं नाही, नुसतं गप्प बसून भागलं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. आष्टीला आणि चिमूरला हुतात्म्यांच्या नावांसोबत, त्याच व्यासपीठावरून, चिमूरच्या बायकांनी काय सांगितलं ते वाचलं जावं, आणि ते ऐकायला गेलेल्या बायकांची नावंही. त्या काळची वर्तमानपत्रं, पत्रकं, सरकारी कागद धुंडाळायला संघटनांनी आपल्या दोन-दोन कार्यकर्त्या द्याव्यात. तेव्हाच्या बायका आता राहिलेल्या नाहीत, पण त्यांच्या नाती साठी-सत्तरीच्या आहेत. आजीने चुलीपुढे काही सांगितलं असेल तर ते लिहून पाठवा. चार ओळी चालतील. नाव नको असेल तर तसं वर लिहा.