न दिसणारें काम

अमोल यादव या मराठी वैमानिकानें मुंबईंत घराच्या गच्चीवर बांधलेलें विमान इ. स. २०२० मध्यें आपल्या खानदेशांत, धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालें. तें ऐकून धरणगांवच्या मुलांनाही विमान बांधावेंसें वाटेल. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, जें डोळ्यांस दिसत नाहीं तें काम आधीं नीट करावें.

बिनतारी यंत्राच्या एरियलचेंच पहा. वैमानिकाच्या संभाषणाची उभी एरियल सुमारें ६० सेंटिमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीचा चौथा भाग असते. तिचें दुसरें अर्धांग म्हणजे बुडाशीं पसरलेला धातु. अ‍ॅल्युमिनियमच्या विमानांत विमानाचें अंगच तें काम करतें. घरीं विमान बांधणारे पुष्कळजण काचतंतु व राळ यांचें कवच पसंत करतात. पण त्यांतून वीज वाहत नाहीं. म्हणून आंतून तितक्याच लांबीच्या तांब्याच्या पट्ट्या बुडापासून चहूंकडे पसरून केबलच्या बाहेरील जाळीस जोडाव्या लागतात.

कोणी म्हणेल, पट्ट्यांवांचूनही आवाज ऐकूं येतो. जवळून येतो खरा. दूर गेल्यावर तो क्षीण होतो, आणि संकटांत तोच वैमानिकाचा आधार असतो. कवच बंद झाल्यावर आंत हात घालणें कठीण. पालकांनींही मुलांच्या हातची वस्तु पाहतांना रंगाआधीं आंतील जोड पाहावा व मगच शाबासकी द्यावी.