मेश नको, वायर टाका!

हॉस्टेलच्या वाय-फायचा विषय निघाला की हल्ली सगळ्यांचा एकच मंत्र – मेश. नवीन डबे आणा, प्लगला लावा, ते आपापसात बोलतील. जर्नलमध्ये मेशची आकृती भारी दिसते, कबूल. एक रेषा तुटली तरी दुसरी वाट असते. पण मित्रांनो, वायरलेसमध्ये ती रेषा म्हणजे हवा, आणि हवा सगळ्यांत एकच!

एकच रेडिओ असलेला नोड आधी ऐकतो, मग तेच त्याच चॅनलवर पुढे बोलतो. प्रत्येक हॉपला स्पीड साधारण निम्मा. दोन हॉपनंतर पाव. तिसऱ्या मजल्यावर काय पोचणार, डोंबल?

त्यापेक्षा आपला जुना स्टार बरा. १९७१ सालचं हवाई विद्यापीठाचं अलोहानेट स्टारच होतं. मधे ओआहू बेटावर केंद्र, बाकी टर्मिनल्स फक्त त्याच्याशी बोलणार. ती एकमेकांना ऐकू शकत नसत, त्यामुळे पॅकेट्स धडकत. पोचपावती आली नाही की पुन्हा पाठवायचं. आपल्या विंगच्या दोन टोकांच्या रूम्सचं सबमिशनच्या रात्री हेच होतं. दोघांना मधला ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो, एकमेकांचा लॅपटॉप नाही.

म्हणून प्रत्येक मजल्यावर दोन ॲक्सेस पॉइंट हवेत, प्रत्येकाला स्विचपर्यंत स्वतःची केबल (१०० मीटरपर्यंत चालते), आणि शेजाऱ्यांना १, ६, ११ असे वेगळे चॅनल. भिंतीला भोकं पडणार म्हणून रेक्टर सर चिडतील. वर्कशॉपमध्ये ड्रिल आहे सर, रविवारी आम्ही चौघं मोकळे आहोत.